नऊ ग्रॅम मीठ

सकाळी साडेनऊला कोंबडी थंड पाण्याच्या पातेल्यात पडली, तेव्हा थोरलीला तिचा हेवा वाटला. कोंबडीला आज कुणापासून काही लपवायचं नव्हतं.

थोरलीला मात्र फेस काढायचा होता, भाज्या चिरायच्या होत्या आणि दीड वाजता चार माणसांसमोर चमचा तोंडात घालून विचार केल्यासारखा चेहरा करायचा होता. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. तीन आठवड्यांपूर्वी तिला साधी सर्दी झाली होती. सर्दी गेली, आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेली, घर सोडणारा भाडेकरू पंखे काढून नेतो तशी. घशाच्या डॉक्टरने नाकात दुर्बीण घालून बराच वेळ आत पाहिलं होतं आणि मग सांगितलं होतं, "परत येईल. किंवा येणार नाही."

एरवी बाईमाणसाची चव गेली तर गेली. घरचे चार दिवस कुरकुर करतात, मग त्यांनाही सवय होते. पण थोरली इस्पितळाच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. रोज चारशे दहा ताटं. पातेलं वॉर्डात जाण्याआधी त्यातला एक चमचा तिने चाखायचा आणि वहीत 'चव पाहिली' या रकान्यात सही करायची, असा नियम होता. गेले एकवीस दिवस ती नियमाने चमचा तोंडात घालत होती आणि नियमाने सही करत होती. मधलं तेवढं होत नव्हतं. कुणाला सांगायची सोय नव्हती. आधीच्या प्रमुखांना मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यांना 'तात्पुरतं' चादरींच्या गोदामात बसवलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. डोळे स्वच्छ झाले, माणूस अजून चादरी मोजतोय.

हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याच्या जिभेला दोनच मजले होते, 'बरं आहे' आणि 'संपलं का?'

"बघा जरा," थोरलीने पळी त्याच्यापुढे धरली. "मीठ कसंय?"

नवऱ्याने फुंकर घातली, घोट घेतला, छताकडे पाहिलं. "बरं आहे."

"अहो, अजून घातलंच नाहीये."

"म्हणून तर म्हटलं. अजून चुकलेलं नाही."

"आज तुमच्यावरच आहे सगळं. वन्सं येणार, धाकटी येणार. धाकटीच्या नजरेतून काही सुटत नाही."

"मग सांगून टाक ना."

"आणि उद्यापासून चादरी मोजू?"

नवऱ्याने थोडा विचार केला. "चादरी खारट होत नाहीत," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन पेपर उघडून बसला.

मग थोरलीने वरच्या फळीवरून आप्पांची वही काढली.

महिन्यातून एकदा सासऱ्यांच्या घरी सगळ्यांनी जमायचं आणि सूप प्यायचं, ही सासूबाईंनी घालून दिलेली रीत. एकोणीस वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि पळी थोरलीकडे आली. तेव्हापासून नणंद दर महिन्याला शेवटचा घोट घेऊन, वाडगा ठेवून, तेच एक वाक्य म्हणायची, "छान झालंय वहिनी. पण आईसारखं नाही." मोजलं तर दोनशेच्या वर वेळा झालं असतं. मोजलंही असतं. आप्पा कशासाठी होते?

आप्पा म्हणजे वजनमापे खात्याचे निवृत्त निरीक्षक. नोकरी संपल्यावर तपासायला दुकानं उरली नाहीत, म्हणून त्यांनी बायकोला धरलं. सासूबाई सूप करताना अंदाजाने मूठ भरायच्या आणि त्या मुठीखाली आप्पा काटा सरकवायचे. असं एक वर्ष चाललं. वहीत सगळं उतरलेलं होतं. पाणी पाच लिटर. कोंबडी एक, सतराशे ग्रॅम. पांढरा राजमा, कोरडा, तीनशे. गाजर चारशे बारा. बटाटे पाचशे. 'सलगम दोन नग, त्यातला एक नासका निघाला. बायकोने भाजीवाल्याला दोष दिला, काट्याला दिला नाही, याची नोंद घ्यावी.' आणि सगळ्यांत खाली, लाल शाईत: 'मीठ नऊ ग्रॅम. अकरा वेळांची सरासरी. सातव्या वेळी बायकोने वही सूपात टाकण्याची धमकी दिली. ते वजन धरलेलं नाही.'

थोरलीने ते तीनदा वाचलं. पाच लिटरला नऊ ग्रॅम? तिच्या हाताने पंचेचाळीस तरी घातले असते. महिन्याभरापूर्वी ती या आकड्यावर हसली असती आणि वही परत फळीवर ठेवली असती. पण आता तिचा तिच्या हातावरही भरवसा उरला नव्हता. कुणी सांगितलं असतं की साखर खारट असते, तरी ती क्षणभर थांबली असती. तिने पितळी काटा पुसला, मीठ चिमटीचिमटीने टाकलं, आणि काटा बरोबर नऊवर थरथरत थांबला. निदान चुकलं तर सासूबाईंचं चुकेल, असं तिने मनाशी म्हटलं. सासूबाईंना कुणी चादरी मोजायला बसवणार नव्हतं.

फेस काढून झाला. कोंबडी शिजत राहिली. रात्रभर भिजवलेला राजमा दुसऱ्या गॅसवर वेगळा उकळत होता. ती पाठमोरी गाजरं चिरत होती, जाड तुकडे, मऊ झाले तरी मोडू नयेत असे. सलगम सोलून झाले, बटाट्याला हात घातला. तेवढ्यात दारातून कुणीतरी धावत आलं, तिच्या काखेखालून हात घालून गॅस बंद केला आणि ओरडलं, "ताई! राजमा लागलाय!"

ती धाकटी जाऊ होती. छोट्या पातेल्यातून काळसर धूर निघत होता आणि थोरली त्याच्यापासून हातभर अंतरावर शांतपणे बटाटा सोलत होती.

"हो," थोरली म्हणाली. "लागू देतेय जरा."

"लागू देताय?"

"वहीत आहे तसं." सुरी चालतच राहिली. "रंग येतो."

धाकटीने पातेल्यात वाकून पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. धाकटी त्याच इस्पितळात हृदयरोग वॉर्डची मुख्य सिस्टर होती. पेशंट 'मला काही होत नाहीये' म्हणाला की ती आधी त्याची नखं बघायची. आत्ता ती थोरलीची नखं बघत होती. थोरलीने हात बटाट्यामागे घेतला.

"वरचे दाणे ठीक आहेत," धाकटी शेवटी म्हणाली आणि तळाला न खरवडता ते मोठ्या पातेल्यात उपसू लागली. "मी येऊन दोन मिनिटं झाली. दारातच वास आला. तुम्हाला बरंय ना?"

"रात्री झोप नाही नीट."

"माझीही नाही. गुरुवारी माझ्या वॉर्डात काय झालं, कळलं का तुम्हाला?"

"काय झालं?"

"पेशंटांनी सूपचं कौतुक केलं."

थोरलीची सुरी थांबली. "कौतुक?"

"अकरा जणांनी. ताई, मी सहा वर्षं आहे त्या वॉर्डात. तिथे सूपचं कौतुक होत नाही. त्यात मीठच नसतं, कौतुक करणार कशाचं? मला लगेच धस्स झालं. एक चमचा तोंडात घातला आणि सगळ्यांच्या हातातले वाडगे काढून घेतले. एकाशी तर ओढाओढी झाली. पण सहा नंबरच्या आजोबांनी तोवर दोन वाडगे संपवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय हे एवढे सुजलेले. वजन दीड किलोने वर. दम लागला. रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं त्यांना."

"आणि आता?"

"आता बरे आहेत. तेच सूप द्या म्हणतायत."

थोरलीला बटाट्यांसकट खाली बसावंसं वाटलं. गुरुवार तिला नीट आठवत होता. ओट्यावर शेजारी शेजारी दोन सारखी पातेली, एक मिठाचं, एक बिनमिठाचं. मीठ घालताना मध्येच भांडारातून फोन आला, आणि परतल्यावर कोणतं कुठलं ते कळेना. एरवी प्रश्नच नव्हता, जीभ होती. तिने दोन्हीकडचा एकेक चमचा घेतला, विचार केल्यासारखा चेहरा केला आणि एकावर 'बिनमीठ', दुसऱ्यावर 'मीठ' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. पन्नास टक्के तर बरोबर असणारच होतं.

"उद्या नऊला चौकशी आहे," धाकटी सांगत होती. "ट्रॉलीवाल्या काकांवर येणार बहुतेक. त्यांनीच वाटेत चिठ्ठ्यांची अदलाबदल केली असणार, दुसरं काय? वाईट वाटतं, निवृत्तीला सात महिने राहिलेत. पण तुमचा प्रश्न नाही हं ताई. तुमची सही आहे. तुम्ही चाखलेलं."

"अगं, ऐक..." थोरलीने तोंड उघडलं.

आणि बेल वाजली. बेल म्हणजे नणंद. ती मोटार चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून 'ब्रेक! ब्रेक!' ओरडल्यामुळे घरातही तिचा आवाज कायम चढावर असायचा.

"कसला हा जळका वास?" दारातूनच ती गरजली. "वहिनी, आजही आईसारखं नाहीच वाटतं!"

दीड वाजता सगळे टेबलाशी बसले. आप्पा टोकाला, चमचा काटकोनात ठेवून. त्यांच्या एका बाजूला नवरा आणि थोरली, समोर नणंद आणि धाकटी. धाकटा दीर नेहमीप्रमाणे दौऱ्यावर होता. वाडग्यांतून वाफ वर जात होती. गाजरं शाबूत होती, दाणे टपोरे होते, कोंबडी हाडावरून सुटून आली होती. दिसायला सूप इतकं देखणं होतं की थोरलीला जरा धीर आला.

नणंदेने पहिला घोट घेतला. तिचा चेहरा अनोळखी वळणावर आलेल्या शिकाऊ माणसासारखा झाला.

"हे काय आहे?"

"सूप आहे," नवरा म्हणाला.

"सूप? पाणी आहे हे! वहिनी, हात धुतले की काय यात? दादा, तू सांग."

नवऱ्याने घोट घेतला. बायकोकडे पाहिलं. घाम पुसला. "बरं आहे," तो म्हणाला, पण इतक्या निष्ठेने, की कुणालाही संशय यावा.

"हेच," आप्पा म्हणाले.

सगळे थांबले. आप्पांनी दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण मान तराजूच्या दांडीसारखी सरळ होती.

"हेच तिचं. अगदी हेच. एकोणीस वर्षांनी."

नणंदेचा चमचा हवेत राहिला. तिने वाडग्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "हो," ती चाचरत म्हणाली. "आता... आता लागतंय खरं. आईसारखं."

"आत्ताच पाणी म्हणालात, वन्सं," धाकटी म्हणाली.

"आईचं सूप पातळच असायचं!"

"पातळ नाही. अळणी असायचं," आप्पा म्हणाले. "माझ्या रक्तदाबामुळे ती नावाला मीठ घालायची. मिठाची बाटली टेबलावर असायची, ज्याने त्याने आपापलं घ्यायचं. तू तर अर्धी बाटली ओतायचीस. मी वजन केलंय."

नणंद गप्प झाली. हे इतकं क्वचित व्हायचं, की नवऱ्याने घड्याळ पाहिलं.

पण धाकटीने चमचा खाली ठेवला होता. "हे माझ्या वॉर्डाचं सूप आहे," ती हळू म्हणाली. "ही चव मी रोज घेते. ताई, तुम्ही एवढ्या वर्षांच्या जाणत्या, आणि असं सूप टेबलावर आणलंत? तुम्ही चाखलं नाही?"

"चाखलं ना," थोरली म्हणाली.

"मग?"

"तिला झोप नाही नीट," नवरा मध्ये पडला.

"भावजी, तुम्ही थांबा. राजमा करपला तेव्हा त्या हातभर अंतरावर होत्या. दारात मला वास आला, त्यांना आला नाही." धाकटीचा आवाज अगदी खाली आला होता, वॉर्डातल्यासारखा. "ताई. कधीपासून?"

थोरलीने सगळ्यांकडे पाहिलं. अजून एक शक्यता होती. हसून म्हणायचं, 'अगं, सर्दी झालीय दोन दिवस.' वाक्य जिभेवर तयार होतं. जिभेला आता दुसरं काही कामही उरलं नव्हतं. मग तिला ट्रॉलीवाले काका दिसले, चौकशीच्या खोलीत टोपी हातात धरून उभे.

"एकवीस दिवस," ती म्हणाली. "वास नाही, चव नाही. गुरुवारची चिठ्ठी मीच चुकीची लावली. काकांनी नाही."

आप्पांचा चमचा मात्र वाजतच होता. त्यांना थांबणं जमत नव्हतं.

"एकवीस दिवस?" नणंद म्हणाली. "म्हणजे गेल्या रविवारी मी केलेला केक? 'असा केक जन्मात खाल्ला नाही' म्हणालात!"

"ते खरंच होतं, वन्सं."

"आजोबांचं काही बरंवाईट झालं असतं तर?" धाकटी उभी राहिली होती. "ताई, माझ्या वॉर्डात अकरा माणसं आहेत! मी तुमच्या सहीवर वाडगे वाटते!"

"अगं, झालं नाही ना काही?" नणंद तिच्यावर वळली. एकोणीस वर्षांत ती पहिल्यांदा थोरलीच्या बाजूला उतरली होती, आणि उतरली ती पूर्ण वेगाने. "सख्खी जाऊ आहे ती तुझी. उद्या चौकशीत काही बोलायचं नाही. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"सहा नंबरचे आजोबा घरातले नाहीत."

"आणि तो ट्रॉलीवाला निवृत्तच होतोय," नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला. "सात महिने इकडे काय नि तिकडे काय..."

थोरलीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो दोन मजले खाली जाऊन बंद पडला.

मग सगळे आप्पांकडे बघू लागले. आप्पांनी वाडगा संपवला आणि तोंड पुसलं.

"खोटा काटा घेऊन बसलेले दुकानदार दोन प्रकारचे," ते म्हणाले. "एकाला काटा खोटा आहे हे माहीत नसतं. त्याला मी समज द्यायचो. दुसऱ्याला माहीत असतं. तीस वर्षांत त्यातला एकही मी सोडला नाही."

"मग मला, आप्पा?"

"तुला मी काय धरणार, सूनबाई? मी निवृत्त आहे." त्यांनी वाडगा पुढे सरकवला. "तुझं तू धर. आणि अजून थोडं वाढ."

थोरलीने त्यांना वाढलं. मग हात पुसून फोन घेतला.

"कुणाला?" नणंदेने विचारलं.

"काकांना."

"उद्या सांगा ना! आज रविवार आहे!"

"त्यांचा रविवार कसा चाललाय, ते मला माहितीये," थोरली म्हणाली. नंबर दोनदा चुकला. धाकटी येऊन तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. आधाराला की पाळतीला, ते कळत नव्हतं.

तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"काका, मी बोलतेय. गुरुवारच्या चिठ्ठ्या तुम्ही नाही बदलल्या. मीच चुकीच्या लावल्या होत्या."

पलीकडे काका खाकरले. मग बसलेल्या आवाजात, "नाही बाई. मीच बदलल्या असणार."

"बदलल्याचं आठवतंय तुम्हाला?"

"आठवत नाही, तीच तर भीती. आज हे आठवत नाही, उद्या घर आठवणार नाही. काल साहेबांनी बोलावलं होतं. मी लिहून दिलं. सही केली."

"का केलीत सही?"

"वहीत तुमची होती ना," काका म्हणाले. "तुम्ही चाखलेलं कधी चुकत नाही. मग उरलं कोण? मीच."

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. खुर्चीमागून धाकटीचा हात तिच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

"काका, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. माझ्या जिभेला झालंय. तीन आठवडे चव नाही आणि मी खोट्या सह्या करतेय. उद्या साडेआठला फाटकाशी या. दोघं मिळून जाऊ. तुम्ही लिहिलेलं मी रद्द करायला लावते."

"पेनाने लिहिलंय बाई."

"मीही पेनानेच लिहीन."

काकांनी एक लांब श्वास सोडला. चार दिवसांचा असावा. मग ते कुतूहलाने म्हणाले, "म्हणजे आता तुम्हाला कशाचीच चव नाही?"

"नाही."

"कारलंही कळत नाही?"

"नाही."

काकांनी आवाज एकदम खाली आणला. कुठलंतरी दार लोटल्यासारखं ऐकू आलं. "मग उद्या दुपारी माझा डबा तुम्ही खाल का? बत्तीस वर्षं रोज कारलंच देते हो बायको. टाकून दिला तर तिला कळतं. रिकामा नेला की खूश असते. मला एक दिवस तरी सुटी मिळेल."

"खाईन," थोरली म्हणाली.

"पण तिला सांगायचं नाही हं."

"नाही सांगत," थोरलीने शब्द दिला. फोन ठेवला, आणि वर पाहिलं तर धाकटी कपाळाला हात लावून उभी होती.